शांगपिंगला पोचला नाही

आमच्या शियाखेंग गावात कुणी फुशारकी मारायला लागलं, की ऐकणारे एवढंच विचारतात, "महिना कोणता?" त्यावर निम्मी तोंडं बंद होतात. तरीही कुणी रेटून बोलत राहिलाच, तर दुसरा प्रश्न ठरलेला असतो: "पोटात काय होतं?" हल्लीच्या पोरांना ही गावची थट्टा वाटते. ती थट्टा नाही. हे आम्हाला थू वानशाननं शिकवलं, आणि त्याच थू वानशानच्या गळ्यात पाटी अडकवून आम्ही त्याला मंचावर उभं केलं. त्यात मीही होते. तेच सांगायला बसले आहे.

थू वानशान मूळचा बुरूड. खांद्यावर कोयता आणि कमरेला कामट्या तासायची सुरी घेऊन तो डोंगरातली गावं फिरे. ज्याच्या घरी काम, त्याच्या घरी जेवण, हा आमच्याकडच्या बुरुडांचा रिवाज. त्यामुळं कुणाची कणगी भरलेली आहे आणि कुणाच्या कणगीचा तळ दिसतोय, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसे. पुढं मोठा माणूस झाल्यावर लोक त्याला विचारायचे, तुम्ही क्रांतीत कसे काय गेलात? तो म्हणायचा, "वीस वर्षांचा होईतो दोनशे कणग्या विणल्या. त्यातल्या दीडशे रिकाम्या. मग माझं विणणं चुकतंय की आणखी काही चुकतंय, ते बघायला गेलो."

तीस साली त्याच्यामागं चाळीस माणसं भाले घेऊन उभी होती, एकतीस साली चारशे. मग चौतीस साली क्रांतीची मोठी फौज इथून निघून गेली आणि हा मूठभर माणसांबरोबर डोंगरात मागं राहिला. तीन वर्षं राहिला. ती तीन वर्षं त्याला भात पोचवणाऱ्या बायकांमध्ये माझी सासू होती. तिचं माहेरचं नाव लियाओ. गाव तिला लियाओ मावशी म्हणे. तिच्या खताच्या टोपलीला वानशाननं दुहेरी तळ विणून दिला होता. वर डुकरांचं खत, खाली शिजवलेला भात. चौकीवरचा शिपाई नाक दाबून ओरडायचा, "अगं चल, चल लवकर पुढं!" सासूबाई मात्र मुद्दाम त्याच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारत उभ्या राहायच्या.

सदतीस साली तो उरलेल्या माणसांना घेऊन उत्तरेकडच्या लढाईवर गेला आणि एकोणपन्नास साली परत आला तो आमच्या विभागाचा सचिव होऊनच. आठ तालुके हाताखाली, दाराशी जीप, मागंपुढं माणसं. गावात आला तेव्हा अंगणात उभं राहून त्यानं हाक मारली, "वहिनी! आता तरी बिनवासाचा भात मिळेल का?"

सासूबाई आतून म्हणाल्या, "वास भाताला नव्हता, तुमच्या नाकाला होता. या आत."

मी त्या हिवाळ्यात सोळा वर्षांची नवी नवरी होते. चुलीमागं उभी राहून बघत होते. एवढा मोठा साहेब माझ्या सासूच्या हातचं मुळ्याचं लोणचं बोटानं उचलून खात होता. माझ्या माहेरी साधा मुनीमही पाटावर रुमाल टाकून बसे.

त्याच हिवाळ्यात जमिनी वाटायचं काम निघालं आणि गावोगाव दुःख सांगायच्या सभा सुरू झाल्या. कुळघराच्या, म्हणजे गावाच्या पूर्वजांची पूजा होते त्या घराच्या, मोठ्या दालनात गाव जमायचं. एकेकानं उठून मालकानं आपले काय हाल केले ते रडून सांगायचं, मग घोषणा. पहिल्याच सभेत पेंग नावाचा एक आळशी गडी उठला. गिरणीवाल्याकडं त्याचं काहीतरी जुनं वैर होतं. छाती पिटत म्हणाला, "ह्या गिरणीवाल्यानं मला उपाशी मारलं! आठव्या महिन्यात सलग दहा दिवस अन्नाचा कण नाही!" लोक गिरणीवाल्याच्या अंगावर जायला उठले.

थू वानशान मंचाच्या कडेला पाय लोंबकळत बसला होता. तो म्हणाला, "थांबा. कोणता महिना म्हणालास?"

"आठवा."

"आठव्या महिन्यात भाताची कापणी. गावातल्या कुत्र्यांचीसुद्धा पोटं सुटलेली असतात. तू काय करत होतास?"

गाव असं हसलं की गिरणीवालाही रडता रडता हसला. पण वानशान हसला नाही. उठून उभा राहिला आणि म्हणाला, "नीट ऐका. मला तुमच्याकडून ऐकीव काही नको, कुणी पढवलेलं नको. वर्ष सांगा. महिना सांगा. त्या दिवशी पोटात काय होतं ते सांगा. ते खरं असेल तर बाकीचं मला आपोआप कळेल. आणि ते खोटं असेल तर एका माणसाचा जीव जाईल, आणि तो तुमच्या पोटात बसेल."

मग माझ्या सासूबाई उठल्या; त्या वर्षं जुन्या रीतीनं जनावरांच्या नावांनी मोजत. हातातलं फडकं खाली ठेवून त्यांनी सांगितलं, "बैलाचं वर्ष, चौथा महिना. माझ्या अंगावर दूध होतं. ते मोठ्या घरचं पोर पीत होतं. माझ्या मुलीच्या पोटात पेजेचं पाणी होतं. सतराव्या दिवशी तेही राहिना." एवढंच बोलून त्या खाली बसल्या. त्या रडल्या नाहीत. गाव मात्र संध्याकाळपर्यंत रडलं.

त्यानंतर दोन वर्षं सासूबाईंना आजूबाजूच्या गावांतल्या सभांना बोलवायचे. त्या जायच्या, तीच चार वाक्यं सांगायच्या आणि परत येऊन डुकरांना खायला घालायच्या. शेजारणी चिडवायच्या, "मावशी, एखादं वाक्य वाढवा की!" त्या म्हणायच्या, "पोटात तेवढंच होतं."

आता एकोणसाठ साल. त्या वर्षी आकड्यांना वेड लागलं होतं. या गावानं एका शेतात इतकं पिकवलं, त्या गावानं दुप्पट, तिसऱ्यानं चौपट. आकडा मोठा तेवढी वरून धान्याची मागणी मोठी. आमच्या गावप्रमुखानंही भिंतीवर एक आकडा रंगवला होता. तो खरा असता तर आम्हाला डोंगरावरही भात रचून ठेवावा लागला असता. सामाईक कोठाराची किल्ली माझ्या नवऱ्याकडं, दावेनकडं होती. रोज जेवताना तो घास हातात धरून बसून राहायचा.

दहाव्या महिन्यात थू वानशानची जीप आली. चिखलानं माखली होती, आणि तोही. कोठारात बारा कणग्या ओळीनं उभ्या, काठोकाठ भरलेल्या दिसत होत्या. तो पहिलीजवळ गेला आणि तिच्या अंगावर टिचकी मारली. मग खाली वाकून तिथं मारली.

"ही मीच विणलीय," तो गावप्रमुखाला म्हणाला. "भरलेली असली की हिचा असा आवाज येत नाही. खाली पेंढा आहे. किती कणग्या खऱ्या आहेत?"

गावप्रमुखाला घाम फुटला. "सचिवसाहेब, शेजारच्यांनी एवढा आकडा दिला, मग आम्ही..."

"किती खऱ्या?"

"पाच," दावेन मागून म्हणाला.

थू वानशाननं भिंतीवरचा आकडा पुसायला लावला आणि खरा लिहायला लावला. त्या आकड्याप्रमाणं जेवढं वर द्यायचं तेवढं दिलं. उरलेल्या तीन कणग्यांवर त्यानं सही करून चिठ्ठी लावली: बियाणं. दावेनला बाजूला घेऊन म्हणाला, "बियाण्याला कुणी हात लावत नाही. वसंतात मुलं रडायला लागली की काढ. थोडं थोडं काढ."

"आणि कुणी विचारलं तर?"

"सांग, थू वानशाननं टिचकी मारली."

मी तेव्हा चार महिन्यांची पोटुशी होते. जाताना त्यानं माझ्याकडं बघितलं आणि सासूबाईंना म्हणाला, "वहिनी, हिला पेजेवर ठेवू नका."

असा तो एकोणीस गावांत फिरला. विसावं शांगपिंग, आमच्या डोंगराच्या पल्याडचं, वरचं. पण पावसानं तिथला रस्ता वाहून गेला होता आणि जीप चढेना. पुढच्या आठवड्यात पायी येतो, असा त्यानं निरोप धाडला. तो पुढचा आठवडा आलाच नाही. प्रांताच्या सभेला त्याला बोलावणं आलं. तिथं त्यानं तेच सांगितलं जे आमच्या कोठारात सांगितलं होतं, आणि तिथून बाहेर पडला तेव्हा तो सचिव नव्हता. आठ तालुक्यांच्या धन्याला कुठल्याशा सरकारी शेतावर डुकरं राखायला पाठवलं. आम्हाला हे दोन महिन्यांनी कळलं. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "डुकरांचं खत त्याला नवं नाही." आणि मग आत जाऊन बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

साठ सालचा, उंदराच्या वर्षाचा, वसंत कसा होता ते मी फार सांगणार नाही. आमच्याकडं रताळ्याचा पाला होता, रानभाजी होती, आणि दावेन त्या तीन कणग्यांतून रोज दोन सुपं भात काढून सगळं गाव जेवायचं त्या सामाईक खानावळीत द्यायचा. पातळ असायचा, पण भात असायचा. तिसऱ्या महिन्यात माझी मुलगी झाली. आम्ही तिचं नाव सुइसुइ ठेवलं, म्हणजे भाताची लोंबी. माझ्या अंगावर दूध होतं. मी तिला पाजताना सासूबाई रोज माझ्यासमोर येऊन बसायच्या आणि नुसत्या बघत राहायच्या. पल्याडच्या शांगपिंगमध्ये कणग्यांवर कुणी टिचकी मारली नव्हती. आकडा होता तसाच राहिला, आणि धान्य त्या आकड्यानं गेलं. एकतीस घरांचं गाव. त्या वसंतात तिथल्या निम्म्या चुलींतूनही धूर निघत नव्हता.

आता सदुसष्ट साल, ज्यासाठी हे सगळं सांगितलं. मधल्या काळात थू वानशानला परत आणून तालुक्याच्या वाचनालयात पुस्तकं लावायला बसवलं होतं. मग दंडावर लाल पट्ट्या बांधलेल्या पोरांची पथकं निघाली आणि जुने सचिव शोधून शोधून मंचावर चढवू लागली. दहाव्या महिन्यातल्या कोरड्या हवेचे दिवस होते. त्याला आमच्या गावात आणलं, कारण तो इथूनच वर गेला होता. पथकाची पुढारी होती न्ये चिंगफेन, एकोणीस वर्षांची, दोन आखूड वेण्या, आवाज घोषणा देऊन देऊन घोगरा झालेला.

तिनं घरी येऊन सासूबाईंना आणि मला समोर बसवलं. "लियाओ मावशी, तुमचं नाव सगळ्या तालुक्यात आहे. गरिबातल्या गरीब, दुःख सांगण्यात पहिल्या. उद्या तुम्हीच बोलायचं. साठ साली ह्या माणसानं जनतेला उपाशी मारलं, हे सांगायचं. तुमची साक्ष झाली की आम्ही त्याला तालुक्याला घेऊन जाऊ."

तालुक्याला नेलेली दोन माणसं त्या महिन्यात परत आली होती. दोन्ही चटईत गुंडाळून.

ती गेल्यावर दावेन दारातच बसला. मी म्हटलं, "खरं बोललं तर काय होईल?"

"खरं बोललं तर विचारतील, धान्य कुणी लपवलं? किल्ली कुणाकडं होती?" तो म्हणाला. "मग त्याच्या शेजारी मी."

सुइसुइ सात वर्षांची झाली होती. अंगणात कोंबड्यांच्या मागं धावत होती. मी तिच्याकडं बघितलं, दावेनकडं बघितलं, आणि माझ्या हातून जे झालं ते सांगते. मी सासूबाईंना खोटं शिकवायला बसले. ज्याच्या भातावर माझ्या अंगावर दूध आलं, त्याच्याविरुद्ध मी वाक्यं जुळवली. "म्हणा, उंदराचं वर्ष, तिसरा महिना. म्हणा, पोटात नुसता कोंडा होता. म्हणा, थू वानशाननं आमचं धान्य वर पाठवलं."

सासूबाई पाठ केल्यासारखं म्हणाल्या. एकदा म्हणाल्या, दोनदा म्हणाल्या. तिसऱ्यांदा मला म्हणाल्या, "तू जरा जास्तच मोठ्या आवाजात शिकवतेयस. मला ऐकू येतं अजून." मी मान खाली घातली. 

दुसऱ्या दिवशी दुपारचं जेवण उरकून गाव कुळघरात जमलं. पथकानं आधी सगळ्यांना कोंड्याचे गोळे खायला दिले, जुनं दुःख आठवावं म्हणून. रीतच होती ती. थू वानशानला आणलं. चौसष्ट वर्षांचा, डोक्यावर कागदाची उंच टोपी, गळ्यात लाकडी पाटी. पाटीची तार मानेत रुतली होती. ओणवा उभा होता. त्या दालनात तो पूर्वी जिथं पाय सोडून बसायचा, बरोबर तिथंच. मागच्या रांगेतून पेंग, तोच तो आळशी गडी, आता म्हातारा, पुटपुटला, "अरे, ह्याला तरी महिना विचारा." कुणी हसलं नाही.

सासूबाई मंचावर चढल्या. फडकं खाली ठेवलं. माझ्या तोंडात कोंडा होता, तो गिळवेना.

"उंदराचं वर्ष," त्या म्हणाल्या. "तिसरा महिना."

आणि थांबल्या.

चिंगफेन हळूच म्हणाली, "पुढं बोला मावशी. पोटात काय होतं?"

  तेव्हा थू वानशान ओणव्यानंच म्हणाला, अगदी हलक्या आवाजात, पण आम्हा पुढच्यांना ऐकू आलं, "म्हणा वहिनी, जे शिकवलंय ते म्हणा. मला चालेल."

मला अजून वाटतं की तो असं बोलला नसता तर त्या खोटं बोलल्या असत्या. पण त्या गर्रकन वळल्या आणि डुकराला हाकलावं तशा त्याच्यावर ओरडल्या, "तुम्ही गप्प बसा! आम्हाला सतरा वर्षं घोकायला लावलंत, वर्ष सांगा, महिना सांगा, आणि आता म्हणता चालेल? तुम्हाला चालेल हो, माझ्या पोटाला कसं चालेल?" मग गावाकडं तोंड करून म्हणाल्या, "पोटात भात होता. पातळ होता, पण भात होता. ह्या माणसानं ठेवला म्हणून होता. माझ्या सुनेच्या अंगावर दूध होतं. माझी नात ती बघा, तिथं बसलीय. झालं. माझं संपलं."

दावेननं डोळे मिटले. मी त्याचा हात धरला.

चिंगफेननं वही उघडली होती, ती तशीच हातात राहिली. "भात?" ती म्हणाली. "उंदराच्या वर्षी? इथं?"

"इथं," सासूबाई म्हणाल्या.

मला वाटलं, आता किल्ली. आता ती विचारणार. पण तिच्या आवाजातली घोषणा कुठं गेली कोण जाणे. ती मंचाच्या कडेला येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मी शांगपिंगची आहे. ह्या डोंगराच्या मागची. माझे दोन भाऊ होते. एक नऊ वर्षांचा, एक चार." तिनं ओणव्या म्हाताऱ्याकडं बघितलं. "ह्यांना भात दिलात. मग आम्हाला का नाही?"

पथकातल्या कुणीतरी घोषणा द्यायला तोंड उघडलं. तिनं हात वर करून त्याला गप्प केलं.

थू वानशाननं मान वर केली. पाटीमुळं त्याला फार वर बघता येत नव्हतं, पण त्यानं बघितलं. "तुमचं गाव विसावं होतं," तो म्हणाला. "रस्ता वाहून गेला होता. जीप खाली ठेवून मी त्याच दिवशी पायी यायला हवं होतं. चार तासांची चढण. मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात. सचिव झालो होतो ना, जीपची सवय झाली होती. मग मला काढलं, आणि मी शांगपिंगला पोचलो नाही." त्यानं तिच्या वहीकडं बघितलं. "हा गुन्हा माझा आहे, पोरी. बाकी पाटीवर काय लिहिलंय ते मला नीट वाचता आलं नाही. हा मात्र लिही."

मग त्यानं तिला कुणीही न विचारता सांगितलं, "इथल्या धान्यावर चिठ्ठी मी लावली. सही माझी. किल्लीवाल्यानं फक्त हुकूम पाळला."

चिंगफेनचा चेहरा ओला झाला होता. तिनं दावेनकडं बघितलं.  सगळ्या दालनाला कळलं होतं की किल्लीवाला कोण. मग ती खाली बसली, गुडघ्यावर वही ठेवली आणि लिहिलं. लिहून झाल्यावर मोठ्यानं वाचून दाखवलं: "थू वानशान, माजी सचिव. गुन्हा कबूल. शांगपिंगला पोचला नाही. शिक्षा: शियाखेंगमध्ये जनतेच्या देखरेखीखाली श्रम." किल्लीबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. तिनं स्वतः पुढं होऊन त्याच्या गळ्यातली तार सोडवली. तार निघेना, तेव्हा दातानं सोडवली.

पथक गेलं. सासूबाईंनी थू वानशानला घरी आणलं, मानेला चहाच्या बियांचं तेल लावलं आणि म्हणाल्या, "मोठे आलेत, मला चालेल म्हणणारे." तो हसला. मी त्याच्या पायाशी बसले आणि सांगितलं की ती वाक्यं मी शिकवली होती. रडतच सांगितलं. तो म्हणाला, "महिना बरोबर शिकवलास ना? मग झालं."

सात वर्षं तो आमच्यात राहिला. आठ तालुक्यांचा माजी सचिव आमच्या पडवीत बसून कामट्या तासायचा. गावानं त्याच्यावर देखरेख करायची होती. ती सगळ्यांनी इतकी मन लावून केली की त्याला दर दिवशी वेगळ्या घरी जेवायला जावं लागायचं. गावातल्या सगळ्या रोवळ्या, सुपं, टोपल्या त्यानं नव्या केल्या. सुइसुइला त्यानं टोपलीचा तळ विणायला शिकवलं. ती अजून तस्साच विणते. मला त्या सात वर्षांत रोज सकाळी वाटायचं, हा माणूस आमच्या अंगणात आहे, केवढं नशीब. मी ते त्याला एकदा बोलूनही दाखवलं. तो म्हणाला, "माझंही. सचिवाला कुणी बिनवासाचा भात एवढ्या प्रेमानं घालत नाही." चौऱ्याहत्तर साली, कापणी झाल्यावर, तो झोपेत गेला. सासूबाई त्याच्यानंतर दोन वर्षांनी गेल्या.

एकोणऐंशी साली वरून माणसं आली. थू वानशानवरचे सगळे आरोप खोटे होते, असा कागद आला होता. कुळघरात सभा भरली, त्याचा फोटो फुलांत ठेवला. गावातर्फे मी बोलायचं ठरलं आणि एका अधिकाऱ्यानं माझ्या हातात दोन पानं लिहून दिली. त्यात महान होतं, अमर होतं, निष्ठावंत होतं. मी उभी राहिले, आणि सासूबाईंची आठवण झाली. पानं घडी करून खिशात घातली.

"उंदराचं वर्ष," मी म्हटलं. "तिसरा महिना. पोटात भात होता, अंगावर दूध होतं. थू काका, तुमच्यामुळं." आणि सुइसुइकडं बोट दाखवलं. एकोणीस वर्षांची झाली होती ती. पुढं काही नव्हतंही.

तेव्हा मागच्या रांगेतून एक बाई उठली. आखूड वेण्या नव्हत्या, केस कापले होते, शांगपिंगच्या शाळेत शिकवते असं पुढं कळलं. पण आवाज तोच, घोगरा. न्ये चिंगफेन. अधिकारी तिला बसायला सांगणार होते. दावेन म्हणाला, "बोलू द्या."

"वाघाचं वर्ष," ती म्हणाली. "दुसरा महिना. चौऱ्याहत्तर साल. एक म्हातारा खांद्यावर कावड घेऊन आमच्या गावात चढून आला. एकटा. कावडीत दोन नव्या कणग्या होत्या. आईनं विचारलं, कुठून आलात? म्हणाला, खालून, जरा उशीर झाला. त्यानं त्या कणग्या आमच्या दारात ठेवल्या आणि आत न येता उंबऱ्यावर बसला. आईनं त्याला ओळखलं. मी तिला सगळं सांगितलेलं होतं. ती आत गेली. मला वाटलं, आता बाहेर येऊन ती त्याला हाकलणार. तिनं भात वाढून आणला."

मला आठवलं. त्या वसंतात थू काका एके दिवशी पहाटे बांबू तोडायला जातो म्हणून गेला होता आणि दिवेलागणीला परत आला तेव्हा पाय सुजलेले, बांबू एकही नाही. मी त्याला चांगली बोलले होते, एकाहत्तराव्या वर्षी कुठं भटकता म्हणून. तो नुसता पाय चोळत बसला होता.

चिंगफेननं फोटोकडं बघितलं. मग खिशातून एक जुनी, पिवळी पडलेली वही काढली, मंचावर येऊन ती फुलांशेजारी उघडून ठेवली. सदुसष्ट सालची तीच वही. तिनं लिहिलेल्या वाक्यातला एक शब्द खोडलेला होता. मी वाकून वाचलं.

शांगपिंगला पोचला.